बूट घालून दिलेली कॉफी

आमच्या घरातून पाहुणा कॉफी न पिता परत गेल्याचं मला आठवत नाही. गालिब जन्मला त्या दिवशी मला कळा सुरू झाल्या होत्या आणि दारात पोस्टमन उभा होता. मी आधी त्याला कॉफी दिली आणि मग सुईणीला बोलावणं धाडलं. अशा घराच्या दारात एका सकाळी मीच आडवी बसले आणि माझ्या सख्ख्या दिराला आत येऊ दिलं नाही, हे ऐकून गावाने तोंडात बोटं घातली. घालू देत. काय झालं ते आधी ऐकून घ्या, मग मला नावं ठेवा.

मी उम्म गालिब, म्हणजे गालिबची आई. जॉर्डनमधल्या सल्तच्या जुन्या वस्तीत, पायऱ्यांच्या बोळात आमचं घर आहे. गालिब अम्मानच्या फेरीवर मिनीबस चालवतो. खिताम त्याची बायको. खिताम म्हणजे शेवट. सहा मुलींवर सातवी झाली तेव्हा तिच्या बापाने हे नाव ठेवलं, आता पुरे हे देवाला कळावं म्हणून. असलं नाव घेऊन जन्मलेलं माणूस एकतर जन्मभर चिडचिड करतं, नाहीतर जन्मभर सगळ्यांचं करत बसतं. ही दुसऱ्यातली निघाली. माझं नशीब.

शाळेत हुशार होती. बारावीच्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली, मोठ्या बहिणी सासरी गेलेल्या, तेव्हा आईचं करायला हीच उरली. शाळा सुटली ती सुटलीच. मग लग्न होऊन आमच्याकडे आली, रनीम झाली, रनीम शाळेत जायला लागली. तेव्हा हिने वरच्या आळीतल्या बालवाडीत मदतनिसाचं काम धरलं. मुलांची नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवायचं. फिरवता फिरवता ती त्यांना गाणी आणि आकडे शिकवायची. मुलं तिला मिस म्हणायला लागली. आमच्याकडे बाईंना मिसच म्हणतात.

एक दिवस बालवाडीच्या मॅडमनी सगळ्यांसमोर मुलांना समजावलं, "मिस नाही म्हणायचं हं हिला. ही मावशी. मिस शिकवते, मावशी पुसते."

त्या दिवशी घरी येऊन खिताम भेंड्यांची देठं काढायला बसली. देठाबरोबर अर्धी भेंडीही उडवत होती. मी म्हटलं, "अगं, गालिबला काय देठांचं कालवण घालणार आहेस?" तेव्हा तिचा बांध फुटला. मी पाठीवरून हात फिरवत बसले. मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला, पण त्याने काही भागत नाही.

मिस व्हायचं तर कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स हवा आणि कोर्सला तौजीही हवी, म्हणजे आमची बारावीची बोर्डाची परीक्षा. रनीम नुकतीच ती पास होऊन विद्यापीठात गेली होती. तिची पुस्तकं कपाटात होतीच. रनीमने आईला बसवलं समोर आणि म्हणाली, "आई, बाहेरून फॉर्म भरता येतो. मी शिकवते."

"चाळीस उलटली माझी," खिताम म्हणाली.

"मग काय झालं? पेपरात वय विचारत नाहीत," रनीम म्हणाली. ही पोरगी माझ्यावर गेली आहे.

आमच्याकडे ज्या घरात तौजीहीचं मूल असतं त्या घराला वर्षभर कोणी त्रास देत नाही. पाहुणे येत नाहीत, शेजारी टीव्हीचा आवाज कमी करतात, लग्नघरसुद्धा ढोल दुसऱ्या टोकाला नेतं. आई दर तासाला चहा आणि कापलेल्या काकड्या घेऊन दाराशी उभी असते. रनीमच्या वेळी खितामने हे सगळं केलं होतं. पण परीक्षेला घरची सूनच बसली तर तिच्यासाठी काकड्या कोण कापणार? मी कापल्या. माझ्या हातच्या काकड्या म्हणजे सरपणाच्या ढलप्या, पण बिचारीने खाल्ल्या.

बाहेर मात्र कोणाला सांगू द्यायची नाही. "आत्याबाई, नापास झाले तर बालवाडीत तोंड कसं दाखवू?" म्हणायची. त्यामुळे आम्हा घरच्यांना ठाऊक आणि समोरच्या उम्म जिर्यसला ठाऊक. उम्म जिर्यसची खिडकी थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडते, तिच्यापासून काय लपवणार?

उन्हाळ्यात परीक्षा झाली. एकेक पेपर चांगला जात होता. शेवटचा गणिताचा. गणिताने तिला रडवलं होतं, पण अखेर ते तिच्या हाती आलं होतं. रात्री झोपेतसुद्धा समीकरणं पुटपुटते, असं गालिब सांगायचा.

त्या सकाळी खिताम बूट घालून, पेनांची पिशवी हातात धरून तयार होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुवा म्हणत होते. एवढ्यात दारातून हाक आली, "आहे का कोणी घरात?"

हाजी मिफ्लेह. माझ्या मालकांचा धाकटा भाऊ. अजलूनच्या डोंगरातून पहाटेची बस पकडून आला होता. हातात अंजिरांची टोपली आणि तोंडभर हसू. मालक गेल्यापासून मोसमाची पहिली अंजिरं तो आमच्याकडे आणतो, रनीमच्या परीक्षेचं वर्ष सोडलं तर एकदाही चुकवलेलं नाही. रनीमची तौजीही झाली, म्हणजे आता या घरी जायला हरकत नाही, असा त्याने साधा हिशोब केलेला. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त एकदा बोलायला लागला की थांबत नाही.

खितामने पिशवी ओट्यावर ठेवली आणि कॉफी चढवली.

आमच्याकडची कडू कॉफी पाहुण्याला बसून देत नाहीत. ओतणाऱ्याने दल्ला, म्हणजे कॉफीचं लांब चोचीचं पितळी भांडं, डाव्या हातात धरून समोर उभं राहायचं. पाहुण्याने कप हलवला की त्याचं झालं. हलवला नाही तोवर ओतत राहायचं, आणि कप त्याच्या हातात आहे तोवर जागचं हलायचं नाही.

हाजी मिफ्लेहने पहिला कप घेतला आणि खितामच्या पायांकडे पाहिलं. "काय सूनबाई, बूट घालून कॉफी? फरशी गार लागते, की गालिबने घराण्याची रीत बदलली?"

"बालवाडीत जायचंय काका," खिताम म्हणाली.

"जाशील गं. मुलं काय पळून जातायत?" असं म्हणून त्याने शेजाऱ्याची शेळी विहिरीत कशी पडली ते सांगायला घेतलं. शेळी पडली. दोर आणला. दोर तुटला. शेजाऱ्याच्या मेव्हण्याला बोलावलं, तो मेव्हणा कोण, त्याचं पहिलं लग्न का मोडलं, हेही आलं. दुसरा कप झाला. तिसरा त्याने भरून घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला, कारण शेळी अजून विहिरीतच होती.

मी म्हटलं, "खिताम, तुला उशीर होतोय, दे इकडे दल्ला," आणि हात पुढे केला. तिने दिला नाही. माझे हात कापतात हे तिला माहीत होतं. आणि सून घरात असताना थरथरत्या हाताने सासू ओतते, ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या अजलूनला कळली असती, तेही माहीत होतं. मी डोळे वटारले, भुवया उडवल्या, खोकले. ती नुसतं म्हणाली, "होईल, आत्याबाई."

तिच्या हातातला दल्ला जरासुद्धा हलत नव्हता. डोळे तेवढे भिंतीवरच्या घड्याळाकडे जायचे आणि खाली यायचे.

अखेर शेळी वर आली. हाजी मिफ्लेहने कप हलवला. खितामने दल्ला ठेवला, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरत धावत सुटली. मी खिडकीतून पाहत होते. त्या वयाची बाई आमच्या त्या पायऱ्यांवरून तशी धावलेली मी पाहिली नव्हती.

परीक्षेच्या शाळेचं फाटक बंद झालं होतं. तिथला शिपाई भला माणूस होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

ती परत आली तेव्हा हाजी मिफ्लेह दुपारच्या बसला निघून गेला होता. तिने दारात बूट काढले, आत गेली, कप धुतले आणि पालथे घातले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्याबाई, काकांना हे कधीच कळता कामा नये. शपथ घ्या."

"शपथ? आत्ता अजलूनला जाते आणि त्याला त्या विहिरीतच..."

"पाहुणे होते ते. अंजिरं घेऊन आले होते." तिने माझा हात धरला. "घ्या ना शपथ."

घेतली. काय करणार?

पुस्तकं कपाटावर गेली. खिताम पूर्वीसारखी बालवाडीत जायला लागली. घरात हसायची, गालिबची थट्टा करायची, पुन्हा छान स्वयंपाक करायला लागली. ते हसणं मला बघवत नसे. एकदा रस्त्यात बालवाडीतलं एक पोर "मिस खिताम!" म्हणून तिला बिलगलं. तिने त्याला कुरवाळलं आणि म्हणाली, "मिस नाही राजा, मावशी." हे ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

हिवाळ्यात तोच एक पेपर पुन्हा देता येतो, रनीमने चौकशी केली होती. नाव घालायची मुदत संपत आली. खिताम ऐकून घेईना. "पुन्हा तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी दबकत वावरायचं आणि पुन्हा मी बंद फाटक बघून यायचं? नको. मावशी म्हणून बरी आहे मी."

गालिब म्हणाला, "आई, तिला नको असेल तर राहू दे."

"तिला नको नाहीये रे, तिला मागायची लाज वाटते. आयुष्यात कधी काही मागितलंय का तिने? मग आपणच मागायचं."

"म्हणजे?"

"जाहा न्यायची तिच्याकडे."

गालिबला ठसका लागला. मुलगी मागायची असते, भाऊबंदकी मिटवायची असते, तेव्हा गावातले वजनदार पुरुष जमून समोरच्याच्या घरी जातात, ती जाहा. यजमान कॉफी देतो. जाहाचा म्होरक्या कप समोर ठेवतो आणि मागणी सांगतो. "प्या कॉफी" असं यजमान म्हणाला की मागणी मान्य. तोवर कोणी कपाला ओठ लावत नाही. आणि भरल्या कपांसकट पाहुण्यांना उठू देण्याएवढी नामुष्की दुसरी नाही.

"आई, जाहा पुरुषांची असते."

"मग तू जा. बस बायकोसमोर आणि माग."

"मला भीती वाटते तिची," गालिब म्हणाला, आणि बस काढायची आहे म्हणून सटकला.

शुक्रवारी दुपारी मी ठेवणीतला, छातीवर भरतकाम केलेला काळा झगा घातला, मागच्या दाराने निघाले आणि उम्म जिर्यसकडे गेले. तिथे बोळातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. बेकरीवाली फद्दा तर हाताचं पीठ झटकत आली होती. उम्म जिर्यसने गळ्यात मोठा क्रूस घातला होता, ईस्टरला घालते तो. आम्ही रांगेने पायऱ्या चढलो आणि मी माझ्याच घराचं दार वाजवलं.

खितामने दार उघडलं. "आत्याबाई? तुम्ही दार का वाजवताय?"

"आम्ही जाहा आहोत," मी म्हटलं. "आत घेणार आहेस की पायरीवर बसू?"

आम्ही पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसलो, भिंतीला टेकून, ऐटीत. खितामचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला वाटलं, रनीमला मागणी आली. ती एकेकीकडे बघत होती, हिला मुलगा आहे का, तिचा भाचा किती वर्षांचा. फद्दाकडे तर फारच वेळ बघितलं. फद्दाचा मुलगा जरा उनाड आहे.

तिने कॉफी आणली, क्रमाने कप भरले. मी माझा कप समोरच्या तिवईवर ठेवला. उम्म जिर्यसने ठेवला. एकामागून एक सगळ्यांनी ठेवले. 

"खिताम," मी म्हटलं, "आम्ही मागायला आलोय."

"आत्याबाई, रनीमचं शिक्षण व्हायचंय अजून," ती घाईने म्हणाली. "आणि फद्दा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझा मुलगा..."

"माझ्या मुलाला काय धाड भरलीय?" फद्दा उसळली.

"गप गं फद्दा," उम्म जिर्यस म्हणाली. "मुलगी नकोय आम्हाला. आम्हाला तू हवी आहेस."

"मी?"

"तू," मी म्हटलं. "हिवाळ्याच्या परीक्षेला आम्हाला तू हवी आहेस. तुझी पुस्तकं कपाटावरून खाली हवीत. तू हो म्हणेपर्यंत ही कॉफी कोणी पिणार नाही, आणि तू नाही म्हणालीस तर आम्ही असेच उठून जाऊ. मी तुझी सासू, मीसुद्धा जाईन. कुठे जाईन ते मला माहीत नाही, पण जाईन."

खिताम दल्ला धरून उभी होती. त्या सकाळी हाजी मिफ्लेहसमोर उभी होती तशीच, फक्त आता दल्ला हलत होता. "तुम्हाला सगळ्यांना कळलं," ती हळूच म्हणाली.

"बोळात सगळं कळतं," उम्म जिर्यस म्हणाली. "आणि मागणीबरोबर नवरीला मेहेर द्यायचा असतो, तोही आम्ही आणलाय. परीक्षा होईपर्यंत तुझ्या दारात येणारा माणूस माझा पाहुणा. खिडकीतून हाक मारीन, माझ्याकडे बसवीन, माझी कॉफी पाजीन."

"तोवर रोजच्या रोट्या माझ्याकडून," फद्दा म्हणाली. मुलाचा राग गिळून म्हणाली, हे मी लक्षात ठेवलंय.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "पेपरच्या सकाळी दारात मी बसेन. तुझा पाय उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत कोणी आत येणार नाही."

उम्म जिर्यसने वळून पाहिलं. "कोणी म्हणजे? कोणीही?"

"कोणीही."

हे मी काय बोलले ते त्या खोलीतल्या प्रत्येकीला कळलं होतं. खितामला सगळ्यांत जास्त कळलं. तिने दल्ला खाली ठेवला, जमिनीवर माझ्या शेजारी बसली आणि माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. खूप वेळाने तिचा आवाज आला, "प्या. गार झाली असेल."

गार झालीच होती. फद्दाने जीभ हलवत आनंदाची लांब ललकारी दिली, मग सगळ्यांनी दिली. मशिदीबाहेरच्या बाकावर बसलेले म्हातारे बिचकून उठले म्हणे.

पेपरच्या सकाळी धुकं होतं आणि बारीक पाऊस. मी दारात स्टूल टाकलं, गुडघ्यांवर घोंगडी घेतली, काठी आडवी धरली. सकाळपासून दोन माणसं येऊन गेली. एक गालिबच्या बसचा टायर बघणारा आणि एक दूरची मावसबहीण. दोघांनाही उम्म जिर्यसने खिडकीतून झेललं. मावसबहीण जाताना पुटपुटली, पण गेली. आत खिताम बूट चढवत होती.

आणि धुक्यातून खांद्यावर ऑलिव्हच्या ताज्या तेलाचा डबा घेऊन हाजी मिफ्लेह वर आला.

मी मनात देवाला म्हटलं, तुला दुसरं कोणी सापडलं नाही?

"वहिनी, दारात का बसलीस? आजारी पडशील," तो म्हणाला, आणि डबा उतरवून आत जायला निघाला. मी काठी हलवली नाही. तो काठीकडे बघून हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं.

"भावजी," मी म्हटलं, "आज आत यायचं नाही."

इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्या दारात असलं काही ऐकलं नव्हतं. त्याच्या भावाचं घर ते. तो एक पायरी खाली उतरला. मग विचारलं, "माझं काही चुकलं?"

"घरात तौजीही आहे."

"रनीम तर पास झाली."

"रनीमची नाही. खितामची."

"खितामची?" तो चकित झाला. मग खूश झाला. "आणि मला कोणी सांगितलं नाही? केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून. सगळे पेपर झाले, एक राहिलाय." शपथ होती, पुढे मी तोंड मिटलं.

हाजी मिफ्लेह बोलका आहे, मूर्ख नाही. तो ओल्या पायरीकडे बघत उभा राहिला. "उन्हाळ्यात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात मी अंजिरं घेऊन आलो होतो." मग त्याने मान वर केली. "तिच्या पायात बूट होते, वहिनी."

मी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मी तिची थट्टा केली होती. ती उभी होती आणि मी शेळीची..." त्याने डोक्याचा रुमाल सारखा केला, उगाच, आधीच नीट होता तो. "मला का नाही सांगितलं कोणी?"

"तिने सांगू दिलं नाही."

समोरून उम्म जिर्यस खिडकीतून ओरडली, "हाजी, इकडे या, तुम्ही माझे पाहुणे!"

"मी आज कोणाचा पाहुणा नाही," तो म्हणाला, आणि तेलाचा डबा आडवा करून दाराच्या दुसऱ्या बाजूला त्यावर बसला.

खिताम बाहेर आली. त्याला बघून जागच्या जागी थबकली. "काका! पावसात काय बसलात? आत या ना, मी लगेच कॉफी..." आणि ती खरंच वळली. बूट घातलेले, पिशवी खांद्याला, आणि पाय स्वयंपाकघराकडे. मी काठी उचलली. तिला मारलंच असतं मी.

"सूनबाई," हाजी मिफ्लेह म्हणाला, "बूट घातलेत ना? मग खाली उतर." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "आता कॉफी केलीस तर या घरची कॉफी मला कायमची बंद. जा बेटी. मी आणि तुझी सासू आहोत दारात."

तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे मी सांगितलेलं नाही. मग ती उतरली. या वेळी धावत नाही, चालत. धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

निकाल पुढे लागला, खिताम पास झाली, फद्दाने अख्ख्या बोळाला मिठाई वाटली आणि आता ती कॉलेजात जाते, हे सगळ्या सल्तला माहीत आहे. मला सांगायचंय ते त्याच दिवशी दुपारचं.

हाजी मिफ्लेह आत आलाच नाही. मी म्हटलं, "ती गेली आता, या आत, मी करते कॉफी." तो म्हणाला, "तुझी कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, वहिनी, दादा असल्यापासून." तेव्हा मला बरं वाटलं, माणूस ताळ्यावर आला. मग पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मी त्याला बालवाडीचं सांगितलं, मॅडमचं, मिस आणि मावशीचं. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

खिताम परत आली. दमलेली होती, पण चेहरा उजळलेला. "सगळे सोडवले," एवढंच म्हणाली. हाजी मिफ्लेह अजून डब्यावरच बसलेला पाहून तिने त्याच्या हाताला धरून आत नेलं, बैठकीत बसवलं आणि तशीच कॉफी करायला गेली. बूट काढायचे राहिले. मी बघितलं, पण बोलले नाही. तोही बोलला नाही.

तिने कप भरून दिला. त्याने घेतला आणि समोरच्या तिवईवर ठेवला. हात मांडीवर घेतले.

खिताम दल्ला घेऊन उभी. "काका?"

"मी मागायला आलोय," तो म्हणाला. "जाहा म्हणून आलोय. एकटाच आहे, मोठी माणसं आणायला वेळ मिळाला नाही."

"काय मागायचंय?"

त्याने डोक्याचा रुमाल पुन्हा सारखा केला. अखेर म्हणाला, "मला माफ कर."

खितामचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवू कशाला. ती घाईघाईने म्हणाली, "काय बोलताय काका, तुम्हाला कुठे ठाऊक होतं..."

"ते नको. मागणी सांगितली. हो किंवा नाही."

ती थोडी थांबली. माझ्या लक्षात आलं, ती उगाच नाही थांबली. उन्हाळ्यातली ती सकाळ, ते फाटक, कपाटावरची पुस्तकं, सगळं तिच्यासमोरून गेलं असणार. पहिल्यांदाच तिने ते कोणासाठी झटकून टाकलं नाही. मग म्हणाली, "प्या काका. कॉफी प्या."

त्याने कप उचलला आणि एका घोटात संपवला. खितामने दल्ला पुढे केला. आणि हाजी मिफ्लेहने, ज्याला मी जन्मात तीन कपांच्या आत थांबलेलं पाहिलं नाही, त्याने कप लगेच हलवला.

"पुरे," तो म्हणाला. "आता तो दल्ला ठेव आणि बस, मिस. उभी राहू नकोस."